नटाचा पाव फेरा

स्वयंपाकघरातल्या सिंकखालचे कपाट उघडून आत वाकून पाहिले, तर बऱ्याच घरांत सारखेच दृश्य दिसते. भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपवर एक पितळी कॉक, त्याच्या दांड्याभोवती हिरवट-पांढरी पुटे, त्यावर गुंडाळलेली चिंधी किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि खाली श्रीखंडाचा रिकामा डबा. डबा भरला की ओतायचा, परत ठेवायचा. ही व्यवस्था महिनोन्‌महिने चालते आणि हळूहळू तो डबा घरातल्या भांड्यांत गणला जाऊ लागतो. याला आळस म्हणून मोकळे होता येईल, पण मला त्यामागे भीती दिसते. आत काहीतरी बिघडले आहे, ते आपल्याला कळण्यासारखे नाही आणि हात लावला तर लोंढा येईल, अशी ती भीती. यातले पहिले अर्धे खरे आहे, दुसरे साफ चूक आहे आणि तिसरे आपण हात न लावल्यामुळेच एक दिवस खरे होते. म्हणून घरातले पाणी बंद करणाऱ्या कॉकची साधी गळती घरच्याच माणसाने काढावी, असे माझे मत आहे. त्यात पैसे वाचतात, पाणीही वाचते, पण माझा मुद्दा त्या दोन्हींपेक्षा वेगळा आहे.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण ते फार गहन नाही. चाक फिरवले की एक दांडा, म्हणजे स्पिंडल, आट्यांवरून उतरतो आणि पाण्याची वाट अडते. वाट अडवायला पितळी पाचर असेल तर तो गेट व्हॉल्व्ह. रबरी वायसर लावलेले बूड खालच्या बैठकीवर दाबले जात असेल तर तो स्टॉप कॉक. भोक पाडलेला गोळा असेल आणि मूठ फक्त पाव फेरा फिरत असेल तर तो बॉल व्हॉल्व्ह. आता दांडा फिरायचा तर त्याच्याभोवती थोडी फट हवीच, आणि फट आली की पाणी तिथून डोके वर काढणार. त्यासाठी त्या फटीत तेलकट किंवा ग्रॅफाइटची दोरी, नाहीतर टेफलॉन भरलेले असते आणि वरून एक नट आवळून ते दाबून धरलेले असते. हा ग्लँड नट. वर्षे गेली की आतली दोरी सुकते, आक्रसते, नटाचा दाब कमी पडतो आणि दांड्याच्या कडेने थेंब उतरू लागतात. याला बिघाडापेक्षा झीज म्हणणे योग्य. सायकलचा ब्रेक सैल झाला म्हणून कोणी सायकल भंगारात घालत नाही.

दुरुस्तीही त्याच तोलाची. एका पान्याने कॉकचे अंग घट्ट धरायचे, दुसऱ्याने ग्लँड नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेऱ्याहूनही कमी आवळायचा, सगळे पुसून कोरडे करायचे आणि वर्तमानपत्राचा तुकडा टेकवून दहा मिनिटांनी पाहायचे. कागद कोरडा असेल तर काम संपले. ओला असेल तर आणखी थोडे आवळायचे. तरीही गळती राहिली, तर मागचे पाणी बंद करून नट सोडायचा, जुनी दोरी टोकदार वस्तूने उकरून काढायची, टेफलॉनची टेप पिळून तिची दोरी करायची, ती नट ज्या दिशेने बसतो त्याच दिशेने दांड्याभोवती गुंडाळायची आणि नट परत बसवायचा. नट किती आवळायचा, हे हातालाच कळते: गळती थांबावी, पण चाक जोर न लावता फिरावे. याहून जास्त आवळणारे लोक गळती थांबवतात आणि कॉक निकामी करतात. तीच गत दांड्याभोवती एम-सील थापणाऱ्यांची. थेंब थांबतो खरा, पण त्याबरोबर कॉकही जन्माचा थांबतो.

अर्थात पाणी कुठून येते, हे आधी ओळखायला हवे. दांड्याजवळून येत असेल तर दोष ग्लँडचा. कॉक पूर्ण बंद करूनही पुढच्या नळातून धार चालू राहत असेल, तर वायसर झिजला आहे किंवा गेट व्हॉल्व्हच्या खाचेत गाळ बसला आहे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येते, रोज नळ्या रिकाम्या होतात आणि भरतात, त्या पहिल्या लोंढ्याबरोबर गाळ येतो. अशा वेळी कॉक चार-पाचदा उघडझाप करून धुऊन काढला तरी पुष्कळदा काम भागते. पाइप आणि कॉक यांच्या सांध्यातून, म्हणजे आट्यांतून पाणी येत असेल तर सांधा सोडवून टेफलॉन किंवा सफेदा आणि धागा लावून पुन्हा बसवावा लागतो. ते काम एक पायरी वरचे. आणि कॉकच्या अंगालाच चीर गेली असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडून नवा घ्यावा.

आता पाणीबचतीचा हिशेब. तो मांडताना आपल्याकडे थेंबाचा समुद्र करण्याची सवय आहे, म्हणून जरा सावकाश मांडू. सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. औषधाच्या हिशेबाने २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाचे सुमारे सव्वाचार लिटर, वर्षाचे दीड हजार लिटरांच्या आसपास. शहरी पाणीयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर हे माप धरतात. त्या मापाने ही वर्षभराची गळती एका माणसाच्या बाराएक दिवसांच्या पाण्याएवढी झाली. हे काही नगण्य नाही, पण २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले ते सिंकखालच्या कॉकमुळे नव्हे. रस्त्याखालच्या फुटक्या जलवाहिन्यांची जबाबदारी घरातल्या पान्यावर ढकलणारा उपदेश मला मान्य नाही. मीरा रोडला लेखक-चित्रकार आबिद सुरती यांनी २००७ मध्ये ‘ड्रॉप डेड’ ही संस्था काढून रविवारी प्लंबरला बरोबर घेऊन घरोघरचे गळते नळ फुकट दुरुस्त करायला सुरुवात केली. त्या कामाबद्दल आदर आहेच. पण त्यातली मला खटकणारी गोष्ट अशी, की एवढ्याशा दुरुस्तीसाठीसुद्धा बाहेरून कोणीतरी भला माणूस दारी यावा लागतो.

माझा खरा मुद्दा कॉक कशासाठी असतो, इथून सुरू होतो. नळ पाणी देण्यासाठी असतो, कॉक पाणी थांबवण्यासाठी. तो घराचा ब्रेक आहे. आणि गळणाऱ्या कॉकला कोणी हात लावत नाही, हीच त्या गळतीची सर्वांत महाग बाजू. फिरवला तर जास्त गळेल, म्हणून तो वर्षानुवर्षे फिरवलाच जात नाही. बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्यातले क्षार आट्यांवर बसतात, पितळ आणि लोखंड जिथे भेटतात तिथे गंज धरतो, आणि मग एखाद्या रात्री संडासातल्या फ्लशची लवचीक नळी फुटते. आता कॉक बंद करायचा असतो, पण तो जागचा हलत नाही. किंवा जोर लावल्यावर चाक गरगर फिरू लागते, कारण आतली पाचर दांड्यापासून सुटलेली असते. टाकीची उंची १० मीटर असली तर खाली दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा दाब असतो. त्या दाबाखाली अर्ध्या इंची पाइप मोकळा सुटला, तर थेंबाने दिवसभरात जेवढे पाणी गेले असते तेवढे अर्ध्या मिनिटाच्या आत जमिनीवर येते. गच्चीची किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला. तोवर खालच्यांच्या छताला ओल धरलेली असते आणि पुढची दोन वर्षे सोसायटीच्या वार्षिक सभेला विषय मिळालेला असतो. जो माणूस ग्लँडची गळती स्वतः काढतो, तो कॉक फिरवून पाहतो. वर्षातून दोनदा फिरवून पाहिला की तो अडकत नाही. दुरुस्तीपेक्षा हे फिरवणे मोलाचे, पण दुरुस्तीची भीती असेपर्यंत ते होत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्लंबरच्या पोटाचा. आक्षेप सहृदय आहे, पण त्यात कामाची ओळख कमी आहे. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातून, विशेषतः पट्टामुंडाईच्या परिसरातून, देशभरातल्या शहरांना प्लंबर पुरवले जातात. तिथे या कामाची सरकारी शिक्षणसंस्थाही आहे. पंधरा मजली इमारतीचा दाब सांभाळणे, सांडपाण्याला उतार देणे, वास येणार नाही अशा वाटा काढणे, ही त्यांची विद्या. त्यांना नटाच्या पाव फेऱ्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाहून बोलावणे म्हणजे त्या विद्येचा मान राखणे नव्हे. म्हणून तर असे काम सांगितले की ‘उद्या येतो’ असे उत्तर मिळते आणि तो उद्या पंधरा दिवस लांबतो. उलट ‘दांड्यातून गळतंय, ग्लँड आवळला, दोरी बदलली, तरी थांबत नाही’ असे फोनवर सांगू शकणारे गिऱ्हाईक प्लंबरला हवेच असते. तो योग्य सामान घेऊन येतो आणि एका खेपेत काम होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अर्धवट माहितीने हात घालून बरे चालले होते ते मोडले तर? हे होते, आणि बहुतेक वेळा एकाच कारणाने होते: एकाच पान्याने जोर लावला जातो. नटाबरोबर अख्खा कॉक फिरतो आणि पीळ भिंतीतल्या सांध्यावर जातो. नव्या इमारतींतल्या सीपीव्हीसी पाइपांना हा पीळ सोसत नाही, आणि जुन्या गंजलेल्या जीआय पाइपांनाही नाही. म्हणून दोन पाने आणि मनगटाचाच जोर, ही अट पाळता येत नसेल तर हात लावू नये. भिंतीच्या आत लपवलेले कॉक आणि ज्या सांध्यांवर गंजाचे पापुद्रे सुटले आहेत असे पाइप, हे जाणत्या माणसाचेच काम. मीटरच्या आधीचा, पालिकेच्या बाजूचा व्हॉल्व्ह आपला नव्हेच. तिकडे वळू नये. पण या मर्यादा आहेत म्हणून सगळेच वर्ज्य मानणे, हे चूल भाजते म्हणून स्वयंपाक सोडण्यासारखे झाले.

तिसरा आक्षेप कोणी तोंडाने घेत नाही, पण तोच सर्वांत जुना. हात काळे करणे हे आपले काम नव्हे. शिकलेल्या घरात पाना नसणे, ही आपल्याकडे जवळपास प्रतिष्ठेची खूण आहे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिकवण्याचा आग्रह धरला. पुढे शाळेत त्याचे ‘कार्यानुभव’ झाले, आणि बहुतेक ठिकाणी कार्यानुभवाचे कागदी आकाशकंदील झाले. अपवाद आहेत. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथून आठवी ते दहावीच्या मुलामुलींना मूलभूत तंत्रज्ञान प्रत्यक्ष करून शिकवणारा अभ्यासक्रम राज्यातल्या शाळांपर्यंत नेला. दहावीचा विद्यार्थी दाबाचे सूत्र लिहितो, पण आपल्या घरावरच्या टाकीचा दाब किती आणि तो कुठे अडवायचा, हे त्याला सांगता येत नाही, हा अभ्यासक्रमाचा दोष आहे, मुलाचा नाही. शिवाय घरातले पाणी सांभाळते ती बहुतेक ठिकाणी बाई. श्रीखंडाचा डबा तीच ठेवते, तीच ओतते, आणि पाना मात्र ‘हे आले की बघतील’ म्हणून माळ्यावर पडून असतो. नट आवळायला लागते तेवढी ताकद नारळ फोडणाऱ्या हातात असतेच.

एक अडचण मात्र शिकून सुटत नाही. पुष्कळ इमारतींत एकेका घरासाठी वेगळा कॉकच नसतो. गच्चीवरून उतरणाऱ्या एका नळीवर वरपासून खालपर्यंतची सगळी स्वयंपाकघरे लटकलेली असतात आणि एकाची दोरी बदलायची तर सहा कुटुंबांचे पाणी तोडावे लागते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सामाईक वाहिन्या संस्थेच्या आणि घरातली नळदुरुस्ती सभासदाची; पण सभासदाच्या हाती बंद करण्याचे साधनच दिलेले नसेल, तर त्या जबाबदारीला अर्थ राहत नाही. बिल्डर चकचकीत नळांचे नाव माहितीपत्रकात ठळक छापतो आणि कॉक असलाच तर तो फॉल्स सीलिंगच्या वर, जिथे शिडीशिवाय हात पोहोचणार नाही अशा जागी बसवतो. घर बघायला जाताना लोक दिशा विचारतात, पार्किंग विचारतात. पाणी कुठून बंद होते, हेही विचारावे. उत्तर ‘गच्चीवरून’ असे आले, तर स्वयंपाकघराच्या आणि प्रत्येक न्हाणीघराच्या लाइनवर हाताला येईल असा एकेक बॉल व्हॉल्व्ह ताबा घेण्याआधी लेखी मागून घ्यावा. टाइल्स बसल्यावर त्याच कामाला भिंत फोडावी लागते.