लग्नाच्या कार्डावर भोपळा? का नको!

अमेरिकेतल्या मैत्रिणीचं लग्न ३१ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन हॅलोविनला. तिच्यासाठी शुभेच्छांचं कार्ड घरीच केलं. काळा कार्डपेपर, नारिंगी कागदाचा भोपळा आणि पांढऱ्या जेल पेनने काढलेले, मुंडावळ्या बांधलेले दोन सांगाडे.

आई म्हणाली, ‘लग्नात काळं?’

प्रश्न रास्त आहे. पण भीतीदायक चेहरा कोरून दाराशी ठेवायची ही प्रथा मूळची आयर्लंडची. तिथे आधी सलगम कोरायचे. अमेरिकेत त्याचा भोपळा झाला. हेतू एकच, वाईट शक्ती दूर राहाव्यात. आपल्या मंगळसूत्रातले काळे मणीही दृष्ट लागू नये म्हणूनच, असं आपण मानतो.

मग हे कार्ड अशुभ कसं? शुभेच्छा तिच्या आवडीच्या हव्यात, आपल्या सवयीच्या नव्हे.

आतल्या पानावरचा आशीर्वाद शेवटी आईनेच लिहिला.