मोटू-पतलू आणि मराठी गृहस्थ

जून महिना उजाडला की पिंपरी कॅम्पातील दप्तरांची दुकाने गजबजू लागतात. चिंचवड, आकुर्डी, भोसरी, मोशी, फार काय चाकणपासूनचे आईबाप मुलांचे हात धरून तेथे येतात. दुकानदार वर टांगलेली दप्तरे काठीने खाली उतरवितो. एकावर मोटू-पतलू, दुसऱ्यावर छोटा भीम. मूल बोट दाखविते, बाप थोडी घासाघीस करितो, आणि सौदा पुरा होतो. घरी आल्यावर हेच सद्गृहस्थ आम्हांस सांगतात की, या कार्टूनांनी पोरांचा सत्यानाश केला. पोरे मराठीत भूक लागली असेही म्हणेनाशी झाली! ते दप्तर मुलाच्या पाठीवर कोणी बांधिले, हा प्रश्न मात्र त्यांस सुचत नाही.

ही तक्रार निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. ती चुकीच्या दारी नेली जात आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ज्याच्यावर दोषारोप करावयाचा त्याची हकीकत आधी जाणून घ्यावी, हा न्याय आहे. मोटू आणि पतलू ही जोडी कोणा व्यापाऱ्याने रातोरात जन्मास घातलेली नाही. दिल्लीहून १९६९ साली निघू लागलेल्या 'लोटपोट' या हिंदी बालनियतकालिकाच्या पानांवर ती वाढली. हिंदी घरांनी ते नियतकालिक विकत घेतले, मुलांनी वाचले, आणि चार दशके ती पात्रे जिवंत राहिली. इकडे मुंबईत केतन मेहता व दीपा साही यांनी १९९६ साली कॉसमॉस-माया हा चित्रनिर्मितीचा कारखाना उभारिला. त्या कारखान्याने ही जुनी जोडी घेतली, तिला संगणकावर नवे अंग दिले, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये निक वाहिनीवर ती अवतरली. २०१६ साली तिचा मोठा चित्रपट झाला. पुढे त्याच कारखान्याने यूट्यूबवर स्वतःची वाहिनी चालविली, आणि २०२१ साली न्यूक्वेस्ट या गुंतवणूक संस्थेने त्याचा मोठा हिस्सा विकत घेतला. हैदराबादेत राजीव चिलका यांनी २००१ साली काढलेल्या ग्रीन गोल्ड संस्थेची कथाही याच जातीची. तिचा छोटा भीम २००८ साली पोगो वाहिनीवर आला, आणि त्या संस्थेने केवळ भीमाच्याच मालाची दुकाने थाटली.

हे यश कशाचे? आमच्या या औद्योगिक पट्ट्यातील वाचकांस ते समजावून सांगण्यास फार शब्द नकोत. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्या कोणासही विचारा: डाय बनविण्यास वेळ आणि पैसा अतोनात लागतो, पण ती एकदा बसली की नग भराभर पडतात. मोटूचेही तसेच आहे. त्याचा पुतळा संगणकात एकदा घडविला, हातापायांस सांधे बसविले, फुरफुरी नगरातील रस्ते व चहाची टपरी एकदा उभी केली, की पुढले शेकडो भाग त्याच साच्यांतून निघतात. पहिल्या भागास जो खर्च, तो शंभराव्यास नाही. मग तेच तोंड दप्तरावर, डब्यावर, पाण्याच्या बाटलीवर उमटते. बाटलीवरून मूल पडद्याकडे जाते आणि पडद्यावरून पुन्हा बाटलीकडे येते. या चक्रात कोठेही जादू नाही. आहे तो हिशेब, चिकाटी आणि ग्राहकाची पारख. या गुणांस नावे ठेविणे टेल्को आणि बजाज यांच्या कारखान्यांवर वाढलेल्या नगरास तरी शोभत नाही.

माल विकणे हेच मुळी पाप, असेही आम्ही मानीत नाही. वॉल्ट डिस्नेचा मिकी उंदीर १९२८ साली बोलपटात आला आणि १९३३ साली मनगटी घड्याळाच्या तबकडीवर बसला. परंतु ज्या कारखान्याचा उंदीर घड्याळावर बसला, त्यानेच १९३७ साली 'स्नो व्हाइट' हा पूर्ण लांबीचा चित्रपट रंगवून दाखविला. विक्रीला कलेची हाव असेल तर विक्री कलेची चाकरी करिते.

आमचा आक्षेप येथून पुढे सुरू होतो. जे पात्र दप्तर विकावयास उभे केले, त्यास बदलता येत नाही. मोटूची समोशाची भूक शमली तर उद्याचा भाग कशावर काढावयाचा? भीमाने लाडू सोडले, तो मोठा झाला, चुकला, पस्तावला, तर छापून ठेविलेल्या डब्यांचे काय करावे? म्हणून दर दहा-अकरा मिनिटांनी सारे पूर्वपदावर येते. संकट येते, समोसा खाल्ला जातो, खलपुरुष आपटतो, सर्व हसतात. मुलास हसू येते हे खरे, आणि हसणे वाईट नव्हे. पण गोष्ट ऐकून मूल अंतर्मुख होते, रात्री अंथरुणावर विचारते, "मग त्या मुलाचे पुढे काय झाले?" तो प्रश्न या साच्यातून निघत नाही.

एरवी हे फारसे बिघडले नसते. पूर्वीच्या घरात त्या प्रश्नाला उत्तर देणारे कोणी तरी होते. आज आमच्या पट्ट्यातील घरे पाहा. बाप पहिल्या पाळीत, आई दुसऱ्या; आजी लातूरकडे किंवा बुलढाण्याकडे गावी राहिलेली. शाळेतून आलेल्या मुलाच्या गळ्यात किल्ली आणि हातात मोबाईल. शेजारी बिहारचा, पलीकडचा कर्नाटकातला. अंगणातली भाषा हिंदी होणारच, आणि त्याबद्दल आम्हांस यत्किंचितही खंत नाही. हिंदीशी आमचे वैर नाही. खंत आहे ती ही, की या मुलाला मराठीतून गोष्ट सांगणारे आता त्या चार भिंतींत कोणीच उरले नाही. मराठी त्याच्यापाशी राहते ती दटावण्याची आणि गृहपाठाची. ज्या भाषेत केवळ आज्ञा मिळतात, ती भाषा मूल मोठे झाल्यावर टाकून देईल, तर त्यात नवल ते काय?

कोणी म्हणेल, चित्रांस हलविण्याची ही विद्या परक्यांची. तीत मराठी माणसाचा टिकाव कसा लागावा? हे अज्ञान आहे. दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटासाठी भांडवल उभे करावयाचे होते तेव्हा, १९१२ साली, एका रोपट्याची वाढ रोज थोडी थोडी टिपून सावकारापुढे हलती करून दाखविली. विक्रीची कला त्यांस चांगली अवगत होती! पुढे १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात त्यांनी काड्यांस नाचविले. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापुराहून पुण्यास आली, आणि दुसऱ्याच वर्षी तिने 'जंबू काका' हे व्यंगचित्रपट काढले. ज्या जागेत प्रभात नांदली तेथे १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे. चिंचवडहून लोकलने निघावे तर ही भूमी तासाभराच्या आतली. ज्या विद्येचा पहिला अंकुर आपल्या अंगणात फुटला, तिच्याविषयी आपण परकेपणाने बोलावे, यासारखी शरमेची गोष्ट नाही.

पात्रांची वाण आहे म्हणावे, तर तेही नव्हे. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आहे. भा. रा. भागवतांचा, फुरसुंगीहून पुण्यास आलेला, सायकलवर सुसाट सुटणारा फास्टर फेणे आहे. प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित यांचा चिंटू १९९१ पासून वर्षानुवर्षे वृत्तपत्रातून घरोघर सकाळी भेटीस येत होता. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे. चिंटूचा चित्रपट २०१२ साली, फास्टर फेणेचा २०१७ साली आला. आपण एकदा तिकीट काढले, कौतुक केले, आणि घरी गेलो. दर आठवड्यास, दर संध्याकाळी तो मुलगा आमच्या घरी यावा, त्याचा डबा आमच्या मुलाच्या हाती असावा, अशी मागणी कोणी केली? 'लोटपोट' हिंदी घरांनी चाळीस वर्षे जगविले म्हणून मुंबईच्या कारखान्यास तयार पात्रे मिळाली. आपल्या ओळखीच्या किती घरांत 'किशोर'ची वर्गणी भरली जाते, हे वाचकांनी आपापल्या मनाशी मोजून पाहावे.

कारखाना मागणीवर चालतो. हे तत्त्व आमच्या पट्ट्यात शेंबड्या पोरासही ठाऊक आहे. वाहन कंपनीकडून ऑर्डर आली तर भोसरीतील लहान कारखानदार कर्ज काढून यंत्र बसवितो. ऑर्डर नसेल तर केवळ भाषाभिमानाने कोणी डाय कापीत नाही. मग चित्राच्या कारखानदाराने ते करावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने?

म्हणून आमची सूचना व्याख्यानाची नाही, ऑर्डरची आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ साली स्थापन झाली. श्रीमंत म्हणून ती मिरविते, आणि तिच्या शाळांत याच पाळीवाल्यांची मुले शिकतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चणे भाग आहे, आणि शिक्षण व कला ही दोन्ही त्या कार्यांत मोडतात. या दोघांनी मिळून मराठी कथांच्या बावन्न भागांची मागणी नोंदवावी. ती पुणे-मुंबईच्या ज्या कारखान्याला साधेल त्याने पुरी करावी. मोटू-पतलू घडविणाऱ्यांनीच केली तरी आमची हरकत नाही. अट एकच: लेखक मराठी असावा आणि गोष्ट मूळ मराठीत रचलेली असावी. मागाहून मराठी आवाज चढविल्याने गोष्ट मराठी होत नाही. आणि गृहस्थांनी तिचे मोल द्यावे. फुकट मिळेल तेव्हा पाहू, ही वृत्ती सोडावी.

तोपर्यंत समोसा खाणाऱ्या त्या भाबड्या मोटूस शिव्या देणे आम्ही तरी बंद केले आहे. पाळीवरून आईबाप परतेपर्यंत आमच्या मुलाजवळ तो बसला, त्याला हसविले, त्याच्याशी बोलला. त्या वेळी आपण कोठे होतो, याचा जाब प्रथम आपण आपल्याशीच द्यावयास हवा.