विमान नागपूरहून उडते, आमचा प्रवास अकोल्याहून सुरू होतो

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए), नवी दिल्ली

मार्फत : मा. विभागीय आयुक्त, अमरावती विभाग, अमरावती

विषय : बजेट विमान कंपन्यांचे ऐनवेळचे वेळबदल, रद्द उड्डाणे व जादा आकारण्या यांबाबत वऱ्हाडातील प्रवाशांच्या मागण्या

महोदय,

आम्ही अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर आणि अकोला येथून कामानिमित्त नेहमी विमानाने ये-जा करणारे प्रवासी आहोत. आमच्यात डाळमिलवाले आहेत, जिनिंगवाले आहेत, औषधांचे वितरक आहेत, हिंजवडीत नोकरीला असलेली मुले आहेत आणि त्या मुलांची मुले सांभाळायला पुण्याला जाणारे आजी-आजोबाही आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. बजेट विमानसेवेवर आमचा राग नाही. २००३ मध्ये एअर डेक्कनने देशात ही पद्धत आणली नसती, तर आमच्यापैकी निम्म्यांनी विमान आतून पाहिलेच नसते. जेवण देत नाहीत, देऊ नका. आमचे डबे आमच्याजवळ असतात. पाय पसरायला जागा नाही, तेही चालवून घेतो. पण तिकीट स्वस्त आहे म्हणून प्रवाशाच्या वेळेलाही किंमत नाही, असे जे गृहीत धरले जाते, त्याविरुद्ध हे निवेदन आहे.

आमचे सोयीचे मोठे विमानतळ नागपूरचे. अमरावतीहून ते सुमारे १५० किलोमीटर, अकोल्याहून सुमारे २५०. सकाळी सव्वासहाचे विमान असेल तर सामान देण्याचा काउंटर सव्वापाचला बंद होतो. म्हणजे अमरावतीकराला रात्री दीडला आणि अकोलेकराला बारा वाजण्याच्या आत घर सोडावे लागते. गाडी रात्रीची, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, टोल वेगळा. विमान कंपनीच्या कागदावर मात्र आमचा प्रवास काउंटरपासूनच सुरू होतो.

आमच्यातील एका कुटुंबाचा अनुभव सांगतो; कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार एका कंपनीपुरती नाही. आईची परळच्या कॅन्सर रुग्णालयात दुपारची वेळ मिळाली होती. अकोल्याहून मध्यरात्री निघालेली गाडी कारंजा घाडगे ओलांडून कोंढाळीकडे जात असताना मोबाइलवर मेसेज आला : कामकाजाच्या कारणास्तव आपले विमान आता सकाळी ११.१० वाजता सुटेल, गैरसोयीबद्दल क्षमस्व. परत फिरावे तर घर दूर, पुढे जावे तर विमानतळावर आजारी माणसाला खुर्चीत बसवून सहा-सात तास काढायचे. बडनेऱ्याहून मुंबईच्या रात्रीच्या गाड्या तर केव्हाच गेलेल्या. काउंटरवर विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “सर, उशीर सहा तासांच्या आत आहे.” त्यानंतर प्रत्येकी एक सँडविच आणि ज्यूसचा एक डबा मिळाला. परळची वेळ गेली.

त्या काउंटरवरच्या मुलीचे चुकले नव्हते, तिने आपलाच नियम वाचून दाखवला. रद्द उड्डाणे आणि उशीर यांबाबतचा आपला नियम २०१० सालचा आहे, त्यात पुढे दुरुस्त्याही झाल्या. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचे विमान दोन तास उशिरा सुटणार असेल तर खाणेपिणे द्यायचे. उशीर सहा तासांपेक्षा जास्त असेल तर २४ तास आधी कळवायचे आणि पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत द्यायचे. या दोन टोकांच्या मधे जे काही घडते, ते सगळे सँडविचवर भागवले जाते. पावणेसहा तासांचा उशीर आणि सव्वादोन तासांचा उशीर नियमाच्या लेखी सारखाच आहे. विमानतळाजवळ राहणारा माणूस मेसेज पाहून पुन्हा झोपतो. आम्ही तेव्हा हायवेवर असतो.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी की, सकाळी नऊच्या आत सुटणाऱ्या विमानाच्या वेळेतील बदल आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत कळवणे कंपन्यांवर बंधनकारक करावे. त्यानंतर कळवलेला बदल दोन तासांहून जास्त असेल, तर सहा तासांची वाट न पाहता प्रवाशाला पूर्ण परताव्याचा किंवा दुसऱ्या कंपनीच्या विमानाचा हक्क असावा. शंभर किलोमीटरपलीकडून आलेल्या प्रवाशाला पावती दाखवल्यावर गाडीभाडेही मिळावे. पत्ता तर तिकीट काढतानाच विचारता येतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवण्यापुरती आमची माहिती कंपन्यांकडे असतेच.

उड्डाण वेळेवर न कळवता रद्द केले, तर एक ते दोन तासांच्या प्रवासासाठी भरपाई ठरलेली आहे : ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते. नागपूर-मुंबई आणि नागपूर-पुणे ही उड्डाणे याच गटात मोडतात. सगळी मेख शेवटच्या चार शब्दांत आहे. तिकीट जितके स्वस्त, तितकी कंपनीला चूक स्वस्त पडते. अकोला-नागपूर गाडीचे जाण्या-येण्याचे भाडेही अनेकदा त्यातून निघत नाही. हे शब्द बदलून “जे जास्त असेल ते” असे करावे, ही दुसरी मागणी.

विमान वेळेआधी आणले जाते, तेव्हाचा त्रास आणखी वेगळा. साडेआठचे विमान साडेसहाला केले तर कागदावर उशीर शून्य, पण अकोल्याच्या माणसाचे विमान चुकलेच. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये निर्णय दिला की, एक तासाहून अधिक अलीकडे आणलेले उड्डाण हे रद्द झालेलेच समजावे. तीच व्याख्या आपल्याकडे असावी. शिवाय “कामकाजाच्या कारणास्तव” हे कारण नव्हे. धुके होते, वैमानिक नव्हता की निम्म्या जागा रिकाम्या होत्या, हे कंपनीने लेखी सांगावे. हवामानासारख्या अपवादात्मक कारणाने भरपाई टळते, हे आम्हाला मान्य आहे. पण ते कारण खरे की सोयीचे हे आज कंपनीच ठरवते.

आता आकारण्यांबद्दल. तिकिटाचा भाव एक दिसतो आणि पैसे भरायच्या पानापर्यंत पोहोचेस्तोवर तो दुसराच झालेला असतो. खिडकीची जागा पैसे देऊन, पुढची जागा पैसे देऊन, आणि फुकट जागा म्हणजे मधली, तीही नवरा नवव्या रांगेत आणि बायको सव्विसाव्या. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरील एका पालकाजवळ जागा द्यावी, असे निर्देश आपणच एप्रिल २०२४ मध्ये दिले. विमानतळावर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत, असे मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये बजावले. या दोन्ही सूचना प्रत्येक काउंटरवर मराठीत ठळक लावाव्यात, म्हणजे दर वेळी वाद घालावा लागणार नाही.

सामानाचेही तसेच. पंधरा किलोंच्या वर गेलेल्या प्रत्येक किलोला जे शुल्क लागते, ते आतल्या तूरडाळीच्या भावाच्या कितीतरी पट असते. अकोल्याची आजी पुण्याला लेकीकडे निघाली की डाळ, कुरड्या आणि लिंबाचे लोणचे नेणारच. वजनकाट्यासमोर बॅग उघडून ती बरणी जावयासमोर बाहेर काढावी लागते. वजनमर्यादा असू द्या, पण जादा किलोचा दर तिकिटावर भाड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा.

परतावा मिळायला हवा तेव्हा ही मंडळी पैसे स्वतःच्या खात्यात जमा ठेवून पुढच्या प्रवासाचे आमिष दाखवतात. पैसे असे ठेवायचे की परत घ्यायचे हा निर्णय प्रवाशाचा, असे आपला नियम सांगतो. पण वेबसाइटवर परताव्याचे बटण शोधावे लागते आणि चॅटवर यंत्र उत्तर देते. नागपूर विमानतळावर प्रत्येक कंपनीचा निर्णयाचे अधिकार असलेला, मराठी बोलणारा एक माणूस पहिल्या उड्डाणापासून शेवटच्या उड्डाणापर्यंत हजर असावा.

भाड्यांवर सरकारचे नियंत्रण नाही, असे आम्हाला दर दिवाळीत ऐकवले जाते. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशभर हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा सरकारने काही दिवसांतच कमाल भाडी ठरवून दिली. ५०० ते १,००० किलोमीटरसाठी १२,००० रुपये. म्हणजे अधिकार आहेत. दिवाळी आणि उन्हाळी सुट्यांच्या आठवड्यांत ते नागपूर-पुणे मार्गावर वापरावेत.

या सगळ्याचे मूळ, अर्थात, आमच्या दाराशी विमान नसण्यात आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण ७२ आसनी एटीआर आणि प्रारंभी आठवड्यातून तीनच दिवस, एवढ्यावर नागपूरची वाट बंद होत नाही. उडान योजनेतील मदत मुदतीपुरती असते आणि मुदतीआधीही सेवा बंद पडू शकते, हे शेजारच्या जळगावने अनुभवले आहे : डिसेंबर २०१७ मध्ये विमान आले, थांबले, पुन्हा आले, पुन्हा थांबले. बेलोऱ्याला रोजचे विमान आणि पुण्याची जोड मिळावी. अकोल्याचे शिवणी विमानतळ १९४३ चे, धावपट्टी १,४०० मीटरची, आणि बाजूला कृषी विद्यापीठाची जमीन. धावपट्टी वाढवण्याच्या घोषणा ऐकत एक पिढी निवृत्त झाली. हा विषय आपल्या कार्यकक्षेत पूर्णपणे येत नाही याची जाणीव आहे, म्हणून संबंधितांना प्रती पाठवत आहोत.

वरील मागण्यांवर आपल्या कार्यालयाचा अधिकारी, विमान कंपन्यांचे प्रतिनिधी आणि आम्ही अशी संयुक्त बैठक विभागीय आयुक्त कार्यालयात घ्यावी. बैठक अमरावतीलाच व्हावी ही विनंती. येणाऱ्या प्रतिनिधींनी सकाळच्या पहिल्या विमानाने नागपूरला उतरून पुढे गाडीने यावे.

सोबत : मेसेजच्या छायाप्रती, तिकिटे, गाडीभाड्याच्या पावत्या व सह्यांची यादी.

आपले,
अमरावती व अकोला जिल्ह्यांतील विमानप्रवासी

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. केंद्रीय नागरी हवाई वाहतूक मंत्री, नवी दिल्ली
मा. व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी, मुंबई
मा. अध्यक्ष, भारतीय विमानतळ प्राधिकरण, नवी दिल्ली
मा. जिल्हाधिकारी, अमरावती व अकोला