वळण, एस्केलेटर आणि सरळ रेषा

चीनमधल्या तांगके गावाजवळच्या टेकडीचे फोटो ज्यांना ज्यांना दाखवले, त्या सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया एकच. "अरे, नदी बघायला एस्केलेटर??" हो, एस्केलेटर. मॉलमध्ये असतो तसाच, फक्त वर छप्पर, आणि टप्प्याटप्प्याने थेट माथ्याकडे. आमच्या ट्रेकर मंडळींनी तर जवळजवळ सुतकच पाळलं. निसर्गाची वाट लावली, बाजार मांडलाय सगळा, वगैरे वगैरे. मला मात्र वाटतं, त्या ठिकाणी कशावर चिडायचंच असेल तर एस्केलेटर हे अगदी चुकीचं गिऱ्हाईक आहे.

आधी जागा सांगतो. सिचुआन प्रांताच्या उत्तर टोकाला झोइगेचं गवताळ पठार आहे (चिनी लोक रुओअरगाय म्हणतात). समुद्रसपाटीपासून साधारण ३४०० मीटर. झाडं जवळजवळ नाहीत, नजर जाईल तिथपर्यंत गवत, याक, मेंढ्या आणि तिबेटी पशुपालकांचे तंबू. इथे पीत नदी येते. शाळेत आपण जिला ह्वांग हो, 'चीनचे अश्रू' म्हणून पाठ केलं तीच. एकूण लांबी ५४६४ किमी. चिंगहाईतल्या बायान हार डोंगरात उगम पावून ती पूर्वेकडे निघते आणि ६२८२ मीटर उंचीच्या आम्ने माचिन पर्वताला वळसा घालून चक्क उलट, वायव्येला जाते. पुण्याहून सोलापूरला निघालेल्या गाडीने इंदापुरात यू-टर्न मारून नगरचा रस्ता धरावा, तसं काहीतरी. हा वळसा घेताना ती सिचुआनच्या हद्दीला जेमतेम स्पर्श करून जाते, आणि तेवढ्या भांडवलावर तांगकेवाल्यांनी 'पीत नदीचं पहिलं वळण' अशी पाटी लावली आहे. पलीकडे कानसू प्रांतातल्या माचूवाल्यांचाही 'पहिलं वळण आमचंच' असा दावा आहे. बरं, माचू हे नदीचंच तिबेटी नाव, त्यामुळे त्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. असो.

टेकडीच्या पायथ्याशी तिबेटी मठ आहे, आणि वरून दिसतं ते खरोखर डोळ्यांत मावत नाही. श्वेत नदी येऊन पीत नदीला मिळते आणि गवतावर कोणीतरी चांदीची साखळी बेफिकीरपणे टाकून दिल्यासारखं पाणी पसरलेलं असतं. फाटे, बेटं, पुन्हा फाटे. आणि पीत नदी इथे पिवळी नाहीच! तो रंग तिला बराच खाली, लोएस पठाराची माती वाहून आणताना लागतो.

नदी अशी का वळते हे आपण भूगोलात वाचलंय. नागमोडी वळणे, नालाकृती सरोवर, आकृती काढा, चार मार्क :) सपाट जमिनीवर पाण्याला घाई नसते. वळणाच्या बाहेरच्या काठाला ते कातरतं, आतल्या काठाला गाळ टाकतं, वळण आणखी वाढतं. शेवटी गळा इतका अरुंद होतो की नदी तो तोडून सरळ जाते आणि जुनं वळण तळं होऊन मागे उरतं. आइन्स्टाइनने १९२६ साली यावर एक छोटा लेख लिहिला होता. चहा ढवळल्यावर पत्ती कपाच्या मध्यभागी का गोळा होते, तेच कारण त्याने नदीच्या वळणाला लावलं. पुढच्या वेळी टपरीवर ग्लास हातात आला की बघा करून (आधी गाळणीतून न गेलेला चहा मिळवावा लागेल).

आता एस्केलेटर. ३४०० मीटरवर हवेत समुद्रकाठच्या मानाने दोन-तृतीयांशच ऑक्सिजन असतो. जिम करणारी पोरंसुद्धा चाळीस पायऱ्यांनंतर कठड्याला धरून उभी असतात. मी गेलो त्या संध्याकाळी वर जाणाऱ्यांत निम्मे लोक साठीच्या पुढचे होते. गुडघे गेलेल्या आज्या, त्यांच्यासोबत नातवंडं. त्यांना सूर्यास्त दिसू नये आणि आम्हाला मात्र दिसावा, कारण आम्ही दमलो? हा कसला न्याय? ज्याला चढायचंय त्याच्यासाठी बाजूला पायऱ्या आहेतच. दिसायला ते छप्पर कुरूप आहे, मान्य. पण कुरूप असणं आणि नुकसान करणं यांत फरक आहे, आणि आपण फोटो काढणारी माणसं तो पटकन विसरतो.

नुकसान करणारी गोष्ट त्या फोटोत येतच नाही.

झोइगेचं गवत साध्या मातीवर उभं नाही. खाली पीट आहे. पाण्यात राहिल्यामुळे पूर्ण न कुजलेल्या वनस्पतींचे थर, हजारो वर्षं साचलेले, काही ठिकाणी काही मीटर जाड. जगातल्या सर्वांत मोठ्या उंचावरच्या पीट दलदलींपैकी ही एक. पावसाचं, बर्फाचं पाणी ती धरून ठेवते आणि हळूहळू नदीला देते. आपल्या भाषेत सांगायचं तर बफर. १९३५ च्या ऑगस्टमध्ये लाँग मार्चवर निघालेली माओची लाल सेना याच गवताळ प्रदेशातून गेली. भूक आणि थंडीने माणसं मेली, काही चिखलात रुतून गेली. म्हणजे 'ओसाड, धोकादायक, निरुपयोगी जमीन' हा शिक्का त्या दलदलीवर पक्का बसला असणार.

मग १९६० आणि ७० च्या दशकांत त्या निरुपयोगी जमिनीला उपयोगी करायचं ठरलं. दलदलीत चर खणले, पाणी नदीत काढून दिलं आणि जास्त कुरण मिळवलं. हेतू काही वाईट नव्हता. जनावरांना चारा हवा, माणसांना मांस-दूध हवं. पण चर म्हणजे वळणाच्या बरोब्बर उलट गोष्ट. नदी ज्या पाण्याला लांबचा रस्ता दाखवून थोपवते, त्याला चर सर्वांत जवळचा रस्ता दाखवतो. आपल्याला हे डिझाइन ओळखीचं वाटायला हवं. मधला बफर काढून टाकला की सिस्टीम सुरुवातीला फास्टच वाटते!

पाणी उतरलं की पीटला हवा लागते आणि ते कुजायला लागतं. हजारो वर्षं साठवलेला कार्बन हवेत जातो. (ओल्या दलदलीतून मिथेन निघतो हेही खरं, पण तेवढ्यासाठी ती सुकवणं म्हणजे ढेकूण झाले म्हणून घर जाळणं.) वर चराईचा ताण, बदलतं हवामान. काही भागांत गवत जाऊन वाळू उघडी पडली. १९९७ मध्ये पीत नदीचा खालचा टप्पा २२६ दिवस समुद्रापर्यंत पोचलाच नव्हता. त्याचं मुख्य कारण खालचा बेसुमार उपसा, त्याचं खापर झोइगेवर फोडणार नाही. पण ज्या नदीवर अशी वेळ येऊ शकते, तिच्या डोक्यावरचा स्पंज आपणच पिळून काढायचा, याला काय म्हणावं?

बरं, चूक तिथल्यांच्याही लक्षात आली. आता तेच चर बांध घालून बुजवायचं काम चालू आहे. झोइगेची पाणथळ २००८ साली रामसर यादीतही गेली. पण काही वर्षांत निघून गेलेलं पीट परत साचायला लागणारा वेळ कुठल्याच प्रोजेक्ट प्लॅनमध्ये बसत नाही. ते वर्षाला फार तर मिलिमीटरभर वाढतं.

हे सगळं चीनचं म्हणून वाचून सोडून द्यायला माझी हरकत नसती, पण आपल्याकडे काय वेगळं चाललंय? पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माळरानांना आपण 'पडीक' म्हणतो, सातबाऱ्यावर 'पोटखराबा' लिहितो. तिथे लांडगे आहेत, तणमोर होता, माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य करावं लागलं, धनगरांचे कळप पिढ्यान् पिढ्या तिथे चरतात. आणि आपण? शनिवारी कंपनीचे टी-शर्ट घालून बसने तिथे जातो, रांगेत खड्डे खणतो, ग्लिरिसिडिया लावतो, ग्रुप फोटो काढतो. गवत म्हणजे झाड न लावलेली रिकामी जागा, हे गृहीतच. झोइगेचे चर खणणाऱ्यांनीही बहुतेक असाच अभिमानाने घाम पुसला असेल. पुढच्या सीएसआरच्या मेलला उत्तर देताना 'ही जमीन आधी काय होती?' एवढं तरी विचारू या. मी विचारलं होतं. अजून उत्तर आलेलं नाही.

तर कोणाचं तांगकेला जाणं झालं, तर एस्केलेटरने खुशाल वर जा, सूर्यास्त बघा. फक्त तिथूनच परत फिरू नका. तिथले टूरवाले तेच करतात, अंधार पडला की बस सुटते. गावात मुक्काम करा. सकाळी दुसऱ्या कुठल्या तरी बाजूला, कुंपण नसेल तिथे गवतात चालून बघा. पायाखालची जमीन किंचित दबते आणि परत वर येते, ते पीट. नदी एकही सरळ रेषा काढत नाही, त्यामुळे गवतात पाण्याची सरळ रेघ दिसली तर ती माणसाने खणलेली असणार. उन्हाळ्यात गेलात तर काळ्या मानेचे क्रौंच दिसायची शक्यता आहे, लडाखमध्ये वीण करतात तेच. आणि जॅकेट जुलैतही घेऊन जा.