स्वाराच्या मागची भिंत



इतवारीतील एका किराणा पेढीच्या वयोवृद्ध मालकांचा अमृतमहोत्सव नुकताच पार पडला. त्यांना आम्ही सारेच काकाजी म्हणतो. सभागृहाच्या दाराशी एक भव्य फलक उभारला होता. फलकावर पंचविशीतले काकाजी राजदूत मोटारसायकलवर स्वार झालेले, मागे हिमाच्छादित शिखरे, नागमोडी घाट आणि कोपऱ्यात खारदुंग खिंडीची पाटी. काकाजींच्या नातवाने जुन्या कृष्णधवल छायाचित्रातून आजोबांना अलगद उचलून हिमालयात नेऊन ठेवले होते, आणि रंगही भरले होते. येणारा प्रत्येक पाहुणा क्षणभर थबके आणि आत येऊन विचारी, "काकाजी, लडाखला कधी जाऊन आलात?" काकाजी हसून म्हणत, "या, बसा. दिवस मावळायच्या आत आधी जेवून घ्या."

पंगतीत नातवाचा एक मित्र होता, स्वतः मोटारसायकलवरून दूरदूर हिंडणारा. तो फलकाकडे पाहून म्हणाला, "काकाजी, घाटात निघालात खरे, पण स्टँड वर करायचे राहूनच गेले की!" सारी पंगत हसली. काकाजीही हसले. मात्र त्यांचे हसू मला नेहमीसारखे वाटले नाही.

चार दिवसांनी सहज पेढीवर गेलो, तेव्हा त्यांनी गल्ल्याखालून जुना अल्बम काढला. म्हणाले, "या फटफटीने मला कामठी दाखवली, उमरेड दाखवले, भंडारा दाखवला. वसुलीला जात होतो मी. लडाख कुठले? परवा इतक्या लोकांनी विचारले. गेलो होतो म्हणावे, तर या वयात असत्य बोलल्याचा दोष. गेलो नव्हतो म्हणावे, तर पोराचे तोंड पडेल. म्हणून जेवायलाच बसवत राहिलो."

मग त्यांनी मूळ छायाचित्र माझ्यासमोर ठेवले. तेच काकाजी, तीच राजदूत. मागे मात्र पेढीची भिंत, लाकडी फळ्या, टांगलेला तराजू, आणि अगदी कडेला, अर्धवट अंधारात, गादीवर बसून वहीत मान घातलेली एक कृश आकृती. काकाजी त्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाले, "हे आमचे बाबा. गादीवर बसलेला त्यांचा एवढा एकच फोटो आहे."

नातवाने हिमालय आणण्यासाठी जे कापून टाकले, त्यात त्याचे पणजोबा होते. त्याला ते ठाऊकच नव्हते. त्याच्या दृष्टीने ती फक्त मागची भिंत होती.

या महिन्याच्या लेखाचा विषय तेथेच मिळाला. आज घराघरांतील मुले हे काम हातातल्या मोबाईलवर करतात. त्यांना केवळ रागावून भागणार नाही. ते काय करतात, हे आपण वडीलधाऱ्यांनीही समजून घेतले पाहिजे.

स्वाराला एका दृश्यातून काढून दुसऱ्यात बसविणे वाटते तितके सोपे नाही. प्रथम त्याची बाह्यरेषा कातरावी लागते. माणूस सहज सुटतो, मोटारसायकल सुटत नाही. चाकाच्या प्रत्येक दोन आऱ्यांमधून मागचे दृश्य दिसत असते. तेथे जुनी भिंत राहिली, तर बर्फाच्या रस्त्यावर चाकापुरती इतवारी उरते. क्लच आणि ब्रेकच्या तारा, आरसे आणि वाऱ्यावर उडणारे केस हेही तितकेच कष्टाचे. त्यानंतर नजरेची उंची जुळवावी लागते. मूळ छायाचित्र घेणारा उभा होता की उकिडवा बसला होता, यावर क्षितिजाची रेषा ठरते. ती चुकली, की गाडी रस्त्यावर न टेकता अधांतरी तरंगते.

सर्वांत अधिक चुगली करते ती सावली. आपले नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास भर दुपारी सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली नाहीशी होते. लेह सुमारे ३४ अंशांवर आहे. तेथे सूर्य वर्षातून एकदाही नेमका माथ्यावर येत नाही. काकाजींचे छायाचित्र उन्हाळ्यातल्या दुपारचे, कपाळाखाली डोळ्यांत काळोख साठलेला. मागची शिखरे मात्र सायंकाळच्या तिरप्या उन्हात न्हालेली. एकाच चित्रात दोन सूर्य झाले. टायर जमिनीला टेकतो तेथे एक दाट, काळी, अरुंद सावली असावी लागते. तीही राहून गेली होती. आरसा, टाकीची चकाकी आणि दिव्याची काच यांत समोरचे दृश्य उमटलेले असते. त्या काचेत बर्फ दिसला नाही, तर जाणकाराला उत्तर मिळते. धावत्या गाडीचे आरे धूसर दिसतात, उभ्या गाडीचे स्पष्ट मोजता येतात. आणि स्टँड खाली असेल, तर गाडी कोठेच निघालेली नसते!

रंगांचेही तसेच. कृष्णधवल चित्रात रंगाची नोंदच नसते. यंत्र तो अंदाजाने भरते. फलकावर राजदूतची टाकी लाल झाली होती. काकाजी म्हणाले, "आमची काळी होती." गंमत अशी की, त्या खिंडीच्या पाटीलाही तपासणी हवीच आहे. खारदुंग खिंडीतील पाट्यांवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट ही उंची झळकत आली. आधुनिक मोजणीत ती ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट भरली.

ही सारी आजकालच्या मुलांची थेरे आहेत, असे कोणी म्हणेल, तर ते इतिहासाला धरून होणार नाही. १८६३ ते १८६६ या काळात विल्यम जॉन्सन या मुंबईत राहिलेल्या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईतील जातीजमातींचा दोन खंडांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिल्या खंडात गुजरात, कच्छ आणि काठेवाडकडील लोक, दुसऱ्यात महाराष्ट्रातील. त्यातील अनेक चित्रांतील माणसे स्टुडिओत उभी करून टिपली होती, आणि मागचे रस्ते, वास्तू, किनारे निराळ्या काचांवरून आणून जोडले होते. म्हणजे आपल्या महाराष्ट्रात माणसाला उचलून दुसऱ्या दृश्यात ठेवण्याची कला दीडशे वर्षांहून जुनी आहे.

स्वाराचीच गोष्ट हवी असेल, तर अमेरिकेतील पाहा. अमेरिकन यादवी युद्धातील सेनापती ग्रँट आपल्या छावणीसमोर घोड्यावर बसले आहेत, असे एक चित्र लेव्हिन हँडी यांनी १९०२ मध्ये आपल्या नावे नोंदविले. पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील अभ्यासकांनी ते बारकाईने तपासले, तेव्हा तीन छायाचित्रे हाती लागली. मस्तक ग्रँट यांचे, धड आणि घोडा मॅकुक नावाच्या दुसऱ्याच सेनानीचा, आणि मागची छावणी शत्रुपक्षाच्या युद्धकैद्यांची! कित्येक वर्षे लोकांनी ते चित्र प्रमाण मानले.

फेब्रुवारी १९८२ मध्ये नॅशनल जिओग्राफिक या नामांकित मासिकाने उंटस्वारांमागचे गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले, केवळ आडवे चित्र उभ्या मुखपृष्ठावर बसावे म्हणून. त्यावर मोठी टीका झाली. नॉल बंधूंचे फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले, १९९४ मध्ये त्यात एकावर एक थर ठेवण्याची सोय झाली, आणि जे काम काळोख्या खोलीत दिवसभर चाले, ते टेबलावर तासाभरात होऊ लागले. आता तर वाक्य लिहावे आणि यंत्राने हिमालय उभा करावा, अशी वेळ आली आहे.

येथे कोणी विचारील, मग जुन्या स्टुडिओतले रंगवलेले पडदे काय खरे होते? राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे जैन कुटुंबात जन्मलेले थोर छायाचित्रकार. इंदूर, सिकंदराबाद आणि मुंबई येथे त्यांनी व्यवसाय केला. त्यांच्या काळातील स्टुडिओत मागे उद्यान, खांब आणि कमानी रंगवलेले पडदे असतच. परंतु तो पडदा पडदाच आहे, हे बसणाऱ्याला ठाऊक असे आणि पाहणाऱ्यालाही. जत्रेत पुठ्ठ्याच्या विमानात बसून फोटो काढणाऱ्याला कोणी तिकिटाचे पैसे विचारत नाही. तेथे कोणाची फसवणूक नाही, म्हणून दोषही नाही.

माझ्या मते विवेकाची रेषा येथेच आहे, आणि आपल्या व्यापारी कुळांना ती समजावून सांगावी लागू नये. मिरचीच्या दोन जाती एकत्र कुटून मसाला करणे हे पाप नव्हे. तो एकाच जातीचा म्हणून विकणे हे पाप. जोडकाम दोषी नाही. जोड लपवून समोरच्याला त्यावर विसंबू देणे दोषी आहे. आपल्याकडे तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया हा एक आहे. खोटा दस्तऐवज घडवणे, असा त्याचा सरळ अर्थ. आपल्या पूर्वजांपुढे वही आणि हुंडी होती, आपल्यापुढे छायाचित्र आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ मध्येही फसवणुकीच्या किंवा हानीच्या हेतूने केलेला खोटा इलेक्ट्रॉनिक अभिलेख बनावटगिरीत मोडतो.

तेव्हा प्रश्न विचारावा तो एकच, या चित्रावर कोणी काही व्यवहार करणार आहे काय? वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावर काकाजी चंद्रावर गेले तरी कोणाचे बिघडत नाही. पण विवाहाच्या परिचयपत्रात दुसऱ्याची महागडी मोटारसायकल आणि न पाहिलेला लडाख आला, तर मुलीच्या घरचे लोक त्या चित्रावर विसंबून निर्णय घेतात. संबंध जुळल्यावर जेव्हा ते उघड होते, तेव्हा प्रश्न मोटारसायकलचा राहत नाही, "आणखी काय काय जोडले असेल?" हा प्रश्न घरात कायमचा शिरतो. जुनी गाडी विकताना पत्र्याची पोच पुसलेले छायाचित्र, अपघाताच्या विमादाव्यात मागाहून डोक्यावर बसवलेले हेल्मेट, न पाहिलेल्या गोदामासमोर उभे राहिल्याचा देखावा, ही सारी खोटी हुंडीच. पेढीची पत तीन पिढ्यांत जमते. ती घालवायला एक चित्र पुरते.

घरातील तरुणांना काही गोष्टी आवर्जून सांगाव्यात. मूळ छायाचित्रावर कधीही काम करू नये. आधी त्याची प्रत करावी आणि मूळ निराळ्या ठिकाणी, निराळ्या नावाने जपावे. कागदी छायाचित्र स्कॅन झाले म्हणून फेकू नये. त्याच्या मागे साल, स्थळ आणि माणसांची नावे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. ज्याचे चित्र आहे, त्याला आधी विचारावे. वडीलधाऱ्यांना तर अवश्य विचारावे. मागचे दृश्य दुसऱ्या कोणी काढलेले असेल, तर त्याची अनुमती घ्यावी, कारण तीही कोणाच्या तरी श्रमाची मालमत्ता आहे. आणि जोडचित्र बाहेर लावायचे असेल, तर खाली "कल्पनाचित्र" एवढा एक शब्द लिहावा. त्याने चित्राची शोभा कमी होत नाही, आणि आजोबांना पाहुण्यांसमोर उत्तर शोधत बसावे लागत नाही.

या साऱ्याच्या आधी आणखी एक गोष्ट करावी. कातरी लावण्यापूर्वी घरातल्या कोणाला तरी विचारावे, "मागे काय दिसते आहे?" जुन्या छायाचित्रांत माणसे हौसेने पुढे उभी राहत. मागची भिंत, दुकानाची पाटी, सायकल, घंगाळ, दारातून डोकावणारी आत्या, हे सारे नकळत येई. कोणी सजवून न ठेवलेली तीच त्या काळाची खरी नोंद आहे.

काकाजींच्या नातवाला मी काही बोललो नाही. काकाजींनीच त्याला अल्बम दाखवला. पोरगा बराच वेळ त्या अर्धवट चेहऱ्याकडे पाहत राहिला. मग त्याने मूळ छायाचित्र पुन्हा स्कॅन केले, धूळ आणि ओरखडे काढले, गादीवरचा अंधार थोडा उजळला, आणि अधिक काही जोडले नाही. लडाखचे चित्र त्याच्या खोलीत आहे, खाली "कल्पनाचित्र" असे लिहिलेले.

जुने चित्र आता पेढीत गादीच्या वर लावले आहे. मागच्या आठवड्यात उमरेडचे एक जुने गिऱ्हाईक आले होते. त्यांनी चष्मा वर करून विचारले, "फटफटीवर तुम्ही, हे ओळखले. पण मागे गादीवर कोण बसले आहे?" काकाजींनी वही मिटली, त्यांना बसायला सांगितले, आणि आपल्या वडिलांविषयी बोलू लागले.