'शोभते का?' विचारण्याआधी



"या वयात हे शोभते का?" हे वाक्य आपल्या घरांत फार सहज उच्चारले जाते. पंचाहत्तरीच्या आजोबांनी पेटी शिकायला सुरुवात केली, विधवा आईने हिरव्या बांगड्या भरल्या किंवा एकट्या राहिलेल्या काकांनी समवयस्क मैत्रिणीबरोबर नाटकाला जायचे ठरवले, की हे वाक्य ठरलेलेच. बोलणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. परंतु या वाक्याचे परिणाम मी रुग्णांच्या चालीत, भुकेत आणि झोपेत पाहत आलो आहे. म्हणून आज औषधांऐवजी त्याविषयी.

आपल्याकडे 'चांगले' म्हातारपण म्हणजे शांत बसणे, कमी बोलणे, काही न मागणे. शरीराला मात्र ही शिष्टाई कळत नाही. त्याला एवढेच कळते, की आपला वापर होतो आहे की नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवले गेले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील मांसल भाग सरासरी सुमारे एक किलोने घटला. 'आता आराम करा' हा प्रेमाचा आग्रह किती महाग पडू शकतो, हे यावरून ध्यानात येईल. पासष्टीपुढील व्यक्तींनीही झेपेल तसा आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नातवाच्या लग्नात आजीने धरलेला फेर हाही व्यायामच आहे.

मनाचेही तसेच. 1976 साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात छोटासा प्रयोग केला. एका मजल्यावरील रहिवाशांना सांगितले, की खोलीची मांडणी आणि वेळेचा विनियोग तुम्हीच ठरवा. सोबत निगा राखण्यासाठी एक रोपही दिले. दुसऱ्या मजल्यावर 'तुमची सर्व काळजी आम्ही घेऊ' असे सांगितले आणि रोपांना पाणी परिचारिकांनी घातले. तीन आठवड्यांनंतर पहिल्या गटातील माणसे अधिक सजग, उत्साही आणि आनंदी आढळली. काळजी दोन्हीकडे होती. निर्णयाचा अधिकार एकीकडेच होता.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन इतर गावांना केले. मला हा आरोग्याचाही ठराव वाटतो. जिला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, ती स्त्री हळूहळू घराबाहेर पडणे सोडते. मग चालणे कमी होते, भूक मंदावते, झोप मोडते.

ताटाचीही अशीच गोष्ट. मधुमेह असलेल्या ऐंशीच्या आजोबांनी आंब्याची फोड घेतली, की घरात जणू अपराध घडतो. वास्तविक अतिवृद्ध, अशक्त रुग्णांमध्ये साखरेचे उद्दिष्ट थोडे सैल ठेवले जाते, कारण साखर एकदम उतरणे त्यांना अधिक धोक्याचे असते. पथ्यांच्या भीतीने जेवणच कमी झाले, वजन उतरू लागले, तर ते पथ्य फेरतपासायला हवे. आपल्या डॉक्टरांशी बोलून त्या फोडीला आहारात जागा करून घ्या.

म्हणजे मनाला येईल ते करावे काय? नाही. गोळ्या परस्पर बंद करणे, दृष्टी अधू झाली असताना गाडी चालवणे, तोल जात असताना स्टुलावर चढणे, हा उत्साह नव्हे. आणखी एक महत्त्वाचे: आयुष्यभर काटकसरी किंवा संकोची असलेली व्यक्ती अचानक पैसे उधळू लागली, अश्लील बोलू लागली किंवा एक-दोन दिवसांत भ्रमिष्टासारखी वागू लागली, तर तिला हौशीही म्हणू नका आणि रागावूही नका. मेंदूचा आजार, जंतुसंसर्ग किंवा एखादे औषध यामागे असू शकते. तपासणी करून घ्या.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, तुमच्याही मनात ही 'शोभते का'ची टोचणी असते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असताना सून दोन तास भजनाला गेली, तर तिचे तिलाच चुकल्यासारखे वाटते. विश्वासाचे माणूस जवळ बसवून अवश्य जा. थकून गेलेल्या हातांची शुश्रूषा फार काळ टिकत नाही.

या पंधरवड्यात घरातील ज्येष्ठांना एक प्रश्न विचारा: "तुम्हाला आवडणारी कोणती गोष्ट सुटली?" उत्तर ऐकल्यावर ती कशामुळे सुटली, तेही शोधा. गुडघा, दम, दृष्टी किंवा श्रवण आड येत असेल, तर डॉक्टरांकडे या. यांपैकी बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो. मात्र ती केवळ 'शोभत नाही' म्हणून सुटली असेल, तर तिचा उपाय तुमच्याच घरात आहे.