सगळी फाइल एका घासात

पीएचपी शिकवताना फाइल वाचण्याचा धडा बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकला जातो. ‘फाइल गेट कंटेंट्स’ लिहा, कंसात फाइलचं नाव टाका, झालं. अख्खा मजकूर एका व्हेरिएबलमध्ये हजर. या फंक्शनशी माझं वैर नाही. ते पहिल्याच दिवशी शिकवतात आणि पुढचं शिकवायचं राहून जातं, याला माझा आक्षेप आहे. मुलं नोकरीला लागतात, समोर दोन जीबीचा सर्व्हर लॉग येतो आणि हात सवयीने तीच ओळ टाइप करतात.

पीएचपीचा जन्मच छोट्या कामासाठी झाला. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली ती जाहीर केली तेव्हा नाव होतं ‘पर्सनल होम पेज टूल्स’. त्यांना आपला ऑनलाइन बायोडेटा कोण पाहतंय एवढंच जाणून घ्यायचं होतं. पान मागितलं, स्क्रिप्ट चालली, पान गेलं, मेमरी मोकळी. अशा घडीभराच्या कारभारात फाइल एका घासात गिळली तरी कुणाचं पोट दुखत नाही.

दुखतं ते मोठ्या फाइलीला. स्क्रिप्टला मेमरीची मर्यादा असते, मूळ सेटिंगमध्ये १२८ एमबी. ती ओलांडली की १३४२१७७२८ बाइट संपल्याचा तो प्रसिद्ध एरर येतो. यावर आपल्याकडचा लाडका इलाज म्हणजे मर्यादा ‘उणे एक’ करणे, अर्थात काढूनच टाकणे. आज भागतं. फाइल वाढत जाते आणि एक दिवस स्क्रिप्टबरोबर त्या सर्व्हरवरची बाकीची कामंही आडवी होतात. ‘फाइल’ नावाचं फंक्शन तर याहून उधळं : ते प्रत्येक ओळ अ‍ॅरेत वेगळी ठेवतं, त्यामुळे मजकुराच्या वर दर ओळीमागे वेगळा खर्च.

खरं तर ‘एफओपन’ने फाइल उघडावी, ‘एफगेट्स’ने एक ओळ घ्यावी, काम करावं, पुढची घ्यावी. मेमरी लागते ती जेमतेम एका ओळीपुरती, फाइल केवढीही असो. २०१३ साली ५.५ आवृत्तीत ‘यील्ड’ आल्यापासून हा लूप वेगळ्या फंक्शनमध्ये नीटनेटका ठेवताही येतो. छोटी सेटिंगची फाइल किंवा जेसन असेल तर खुशाल सगळं एकदम वाचा. जेसनचा शेवटचा कंस मिळेपर्यंत तसाही त्याचा अर्थ लागत नाही.

आता सीएसव्ही. ओळ हातात आली की स्वल्पविरामावर ‘एक्स्प्लोड’ मारायचा मोह भल्याभल्यांना होतो. आपल्या पत्त्यांपुढे तो टिकत नाही. ‘मु. पो. अमुक, ता. तमुक, जि. सातारा’ या एका रकान्यात दोन स्वल्पविराम. एक्सेल असा मजकूर अवतरणचिन्हांत गुंडाळून देतं, पण ‘एक्स्प्लोड’ला अवतरणं कळत नाहीत, तालुका फोन नंबरच्या जागी जाऊन बसतो. पत्ता दोन ओळींत टाइप केलेला असला तर एक नोंद दोन ओळींवर पसरते, म्हणजे इथे साधा ‘एफगेट्स’ही पुरत नाही. ‘एफगेटसीएसव्ही’ हे दोन्ही प्रकार सांभाळतं, तेही एकेक नोंद घेत.

याहून छळवादी भानगड डोळ्यांना दिसतच नाही. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केलेल्या फाइलीच्या तोंडाशी तीन बाइट असतात : ईएफ, बीबी, बीएफ. यांना बॉम म्हणतात. ते पहिल्या शीर्षकाला चिकटतात. स्क्रीनवर ‘नाव’ दिसतं, छापून पाहिलं तरी ‘नाव’च, आणि पीएचपी म्हणतं असा रकानाच नाही. बाकीचे रकाने सुरळीत, म्हणून शंका डेटाबेसवर, होस्टिंगवर, शेजारच्या टेबलावरच्या माणसावर, सगळ्यांवर जाते. पहिली ओळ घेतल्यावर हे तीन बाइट तपासून काढायला दोन ओळींचा कोड पुरतो.

बाइटचा हिशेब देवनागरीत आणखी एका ठिकाणी अडवतो. ‘मराठी’ची अक्षरं आपण तीन मोजतो, ‘स्ट्रलेन’ १५ सांगतं, कारण त्यातल्या पाच चिन्हांचे प्रत्येकी तीन बाइट. फाइल ८१९२ बाइटच्या तुकड्यांत वाचायची पद्धत आहे. ८१९२ ला तीनने भागा, बाकी दोन उरते. सलग देवनागरी असेल तर पहिल्याच तुकड्याच्या शेवटी एक चिन्ह मधोमध कापलं जाणार. त्या तुकड्यावर लगेच काम करायला गेलात की प्रश्नचिन्हांचे काळे चौकोन उगवतात. ओळीने वाचल्यावर हा धोका नाही. नव्या ओळीचा बाइट देवनागरी चिन्हाच्या पोटात कधीच सापडत नाही.

एक बारीकशी गोष्ट राहिली. ‘जोवर ओळ मिळतेय तोवर वाच’ अशी अट लिहिताना पुष्कळ जण ‘एफगेट्स’चं उत्तर थेट अटीत टाकतात. फाइलीत दर ओळीला एक बाकी रक्कम आहे, शेवटची ओळ नुसतं 0 आणि तिच्यापुढे एंटर दाबलेलं नाही, तर पीएचपी त्या शून्याला ‘खोटं’ समजून लूप थांबवतं. एकही एरर न येता शेवटचा खातेदार गळतो. उत्तर काटेकोरपणे ‘फॉल्स’च आहे का, हे तपासणारं उद्गारचिन्ह आणि दोन बरोबरची चिन्हं तेवढी राहून गेलेली असतात.